आधी सात दिवसांची वही, मग मोबाइल: मुलांचं खाणं, खेळ आणि स्क्रीन यांची घडी कोणत्या क्रमाने बसवायची

पालक सल्ला विचारायला येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोबाइल बंद केला, तरी काही फरक पडत नाही." कसा बंद केला हे विचारल्यावर कळतं, की एका संध्याकाळी भडका उडाला, मोबाइल कपाटावर गेला, पोराने जेवण सोडलं आणि चौथ्या दिवशी आजीने दया येऊन टीव्ही लावून दिला. महिन्याभराने सगळं पहिल्यासारखं.

चूक मोबाइल काढण्यात नव्हती, क्रमात होती. उशिरा झोपणारं, दुपारभर बिस्किटांवर असलेलं, खेळायला न मिळालेलं मूल संध्याकाळी पडद्याकडे वळणारच. त्या जागी दुसरं काही उभं न करता पडदा काढला तर तिथे पोकळी उरते, आणि ती रडारडीने भरते. म्हणून इथे स्क्रीन सहाव्या टप्प्यावर आहे. पहिले पाच टप्पे टाळून तिथे उडी मारू नका. हे सगळं साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. लहानांसाठी आणि मोठ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी: वही, पेन आणि घरातल्या मोठ्यांची एक बैठक

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलमधलं ॲप नको, कारण नोंद करायला मोबाइल हातात घेतला की मूलही जवळ येऊन बसतं. वही स्वयंपाकघरात, दोरीने पेन बांधून ठेवा. आई-बाबा दोघं पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला नोकरीला असतील तर दुपारची नोंद आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशी करणार. त्यांना आधी समजावून सांगा, की ही त्यांची तपासणी नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही तर वहीत फक्त फळं आणि वरण-भात दिसतो, दुपारचा टीव्ही गायब होतो.

मूल आठ वर्षांच्या पुढचं असेल तर त्यालाही सांगा. "आपण सगळे आठवडाभर लिहून बघू या, तुझी वेळ कुठे जाते आणि माझी कुठे जाते." एक रकाना आई-बाबांच्या स्वतःच्या मोबाइलचाही ठेवा. लपूनछपून ठेवलेली वही सापडली, तर मुलाचा विश्वास जातो आणि पुढचे सगळे टप्पे जड जातात.

सुरुवात सोमवारी करा. परीक्षेचा, लग्नकार्याचा किंवा गणपतीचा आठवडा निवडू नका.

टप्पा १: सात दिवसांची नोंद

रकाने पाच: वेळ, काय, किती, कुठे आणि कोणाबरोबर, स्क्रीन चालू होती का. खाणं, खेळ, झोप, क्लास, व्हॅनमधला वेळ, सगळं एकाच पानावर, घडलं त्या क्रमाने. खाण्याची वही वेगळी आणि स्क्रीनची वेगळी केली की त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध दिसतच नाही.

स्क्रीनपुढे एक अक्षर लिहा: अभ्यासाची असेल तर 'अ', नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल असेल तर 'कॉ', करमणुकीची 'क'. खेळापुढे लिहा, की धाप लागली होती का. खेळताना मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, इतपत श्वास वाढला तर ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर थांबावं लागत असेल तर ती जोमदार. बाकावर बसून मित्राशी गप्पा हव्यातच, पण त्या या हिशेबात धरू नका.

एका पाचवीतल्या मुलाच्या वहीतलं पान असं होतं (घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत):

६:१५ उठला. पावडर घातलेलं दूध मोठा मग, दोन बिस्किटं. १५ मिनिटं कार्टून, क.
९:३० छोटी सुट्टी. जॅम-पोळी संपवली.
११:३० मोठी सुट्टी. भेंडी-पोळी, निम्मी परत.
१:३० घरी. वरण-भात टीव्हीसमोर, ४० मिनिटं, क.
२:३० ते ४:३० मोबाइल, क. शेवटच्या अर्ध्या तासात चिप्स.
४:३० दूध.
५:३० ते ६:३० क्लास.
६:४५ खाली खेळ, १५ मिनिटं. धाप लागली.
७:३० नूडल्स.
९:४५ जेवण. अर्धी पोळी, भाजी नाही. नंतर ३० मिनिटं बाबांच्या मोबाइलवर, क.
११:०० झोपला.

या मुलाच्या आईचा अंदाज होता, "दिवसाला दीड तास बघतो." पानावरची बेरीज ३ तास २५ मिनिटं आली. झोप सव्वासात तास. खेळ पंधरा मिनिटं. आई खोटं बोलत नव्हती. तिने फक्त स्वतःच्या डोळ्यांसमोरचा वेळ मोजला होता.

या टप्प्यावर हमखास होणाऱ्या चुका:

रात्री झोपताना आठवून लिहिणं. दुपारची दोन बिस्किटं आणि वाटेतला वडापाव रात्री कोणालाच आठवत नाही.

नोंदीच्या आठवड्यातच सुधारणा सुरू करणं. 'आता लिहायचंच आहे तर चांगलं देऊ' असं म्हणून रोज मोड आलेली मटकी केली, तर ती वही तुमच्या नेहमीच्या घराची राहत नाही. या सात दिवसांत काहीही बदलू नका, आणि ओरडूही नका.

रविवार सोडून देणं. बहुतेक घरांत सगळ्यात जास्त स्क्रीन आणि सगळ्यात कमी ठरलेली जेवणं रविवारीच असतात.

तपासून पाहा: सात पानं भरली का? त्यात किमान एक रविवार आहे का? वहीत एकही 'नकोसं' खाणं नसेल, तर कोणीतरी लाजून लपवतंय. प्रेमाने विचारा आणि आठवडा पुन्हा करा.

टप्पा २: वहीतली गाठ शोधणं

लाल पेन घ्या. खाणं आणि स्क्रीन एकाच वेळी आहेत तिथे गोल करा. मग करमणुकीच्या प्रत्येक स्क्रीनच्या लगेच आधी काय होतं ते बघा. साधारण चारच गोष्टी सापडतात: भूक, कंटाळा, थकवा, किंवा मोठ्या माणसाची वाट बघणं. वरच्या पानावर अडीच ते साडेचार हा वेळ कंटाळा आणि थकव्याचा आहे, रात्रीचा अर्धा तास बाबांच्या सोबतीची भूक आहे. या दोन्हींवर एकच उपाय चालणार नाही.

नंतर दोन खाण्यांमधलं अंतर मोजा. अडीच-तीन तासांचं अंतर मुलांना झेपतं आणि पुढच्या जेवणाला भूकही ठेवतं. या मुलाने साडेसातला नूडल्स खाल्ले आणि पावणेदहाला भाजी नाकारली. त्याला लोक 'भाजी न खाणारा' म्हणत होते. त्याला तेव्हा भूकच नव्हती.

शेवटच्या पानावर आठवड्याची सरासरी काढून चार आकडे लिहा: झोपेचे तास, धाप लागलेल्या खेळाची मिनिटं, करमणुकीच्या स्क्रीनची मिनिटं, आणि पडद्याशिवाय झालेली जेवणं. पुढे तुलना याच्याशीच करायची आहे. वजन या यादीत नाही, ते मुद्दाम. वाढत्या मुलाला घरच्या काट्यावर दर आठवड्याला उभं करणं थांबवा.

टप्पा ३: रात्रीचं जेवण आणि झोप

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. झोपेची वेळ शाळेच्या वेळेवरून काढू नका, व्हॅनच्या वेळेवरून काढा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळांना सांगितलं, पण सिंहगड रस्त्यावरून किंवा वाकडच्या चौकातून जाणारी व्हॅन दारात किती वाजता येते, हाच तुमचा खरा आकडा. व्हॅन ६:४५ ला येत असेल तर मूल ६ ला उठणार, म्हणजे ९ ला झोपायला हवं, आणि म्हणून जेवण साडेसातला.

"आम्ही घरी पोहोचतोच साडेआठला" ही अडचण खरी आहे. यावर चालणारी तोड अशी: मुलाचं पूर्ण जेवण, पोळी-भाजी-वरण-भात, साडेसातला आजीबरोबर किंवा मावशींसमोर. आई-बाबा साडेआठला जेवायला बसले की मूल वाटीभर ताक किंवा फळाच्या चार फोडी घेऊन शेजारी बसेल. त्याला तुमची सोबत हवी असते, तुमची जेवणाची वेळ नको असते. साडेसातला 'थोडंसं खाऊन घे' आणि पावणेदहाला 'आता जेव' हा मधला मार्ग मात्र सगळं बिघडवतो.

झोप एकदम दीड तास अलीकडे ओढू नका. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. अकराचे साडेनऊ व्हायला अठरा दिवस लागतील, तेवढे लागू द्या. उठण्याची वेळ रविवारीही तासाभराहून जास्त सरकू देऊ नका. सगळ्यांचे मोबाइल रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला, मोठ्यांचेही.

तपासून पाहा: सकाळी तीन हाकांत उठतंय का? उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काही खावंसं वाटतंय का? दोन्ही होत असेल तर पुढे चला.

टप्पा ४: शाळेतून आल्यावरचा खाऊ आणि डबा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतच्या वेळात काय खाल्लं जातं, यावर खेळायची ताकद आणि रात्रीची भूक दोन्ही ठरतात.

'खाऊ' हा शब्द मनातून काढा आणि त्याला छोटं जेवण समजा. त्यात तीन गोष्टी हव्यात: एक धान्य, एक डाळ-दाणे-दही-अंडं यांपैकी काही, एक फळ किंवा कच्ची भाजी. दाण्याची चटणी आणि तूप लावून गुंडाळलेली पोळी, सोबत काकडी. थालीपीठ आणि दही. मुगाचं धिरडं. दाणे आणि मटार घातलेले पोहे, वर लिंबू. लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहामुळे उलट होतं, म्हणून मुलांना खाण्याबरोबर चहा नको, अर्धा कपसुद्धा. उरलेल्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. यात महागडं काही नाही. हवी ती रविवारची तयारी: कडधान्य भिजवून मोड आणायला ठेवणं, दाणे भाजून डब्यात, भाजणी हाताशी. मग आठवड्याचे पाच खाऊ कागदावर लिहून फ्रिजला लावा. घरी जो कोणी असेल त्याला साडेचार वाजता विचार करावा लागता कामा नये. विचार करायची वेळ आली, की खारी आणि बिस्किटांचा पुडा हाताला येतो.

वाढण्याचा नियम: काय, कधी आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे मुलाने. भरवणं, मागे पळणं, 'हा घास संपव मग मोबाइल' हे तिन्ही बंद. नवी भाजी मुलं पहिल्या घासात क्वचितच स्वीकारतात. आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी चमचाभर, काही न बोलता ताटात येऊ द्या. दोनदा नाकारली म्हणून "याला दुधी आवडत नाही" असं त्याच्यासमोर जाहीर करू नका. मुलं आपल्यावरचे शिक्के खरे करून दाखवतात.

दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. दुधात घालायच्या पावडरच्या डब्याची मागची बाजू वाचा, १०० ग्रॅममध्ये साखर किती ग्रॅम ते बघा. सरबताच्या डबीवर १०० मिलीला १२ ग्रॅम लिहिलं असेल, तर २०० मिलीची डबी म्हणजे २४ ग्रॅम, जवळजवळ पाच चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी दहा टक्के म्हणजे साधारण साडेसात चमचे. एका डबीत त्यातले पाच गेले.

आता डबा. तो परत आला तर 'आवडलं नाही का' हे विचारू नका. विचारा, "वेळ पुरला का?" छोट्या सुट्टीत हात धुणं, रांग, गप्पा यांतून खायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. मग पोळी तोडून भाजीला लावत बसणं होत नाही. तीच भेंडी पोळीत गुंडाळून, दोन तुकडे करून दिली की डबा रिकामा येतो.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण घरच्या वाटेवर वडापावची गाडी आणि बेकरी असणारच. तिथे रोज नाही म्हणून भांडू नका. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी मिळून, उभं राहून मजेत खा, आणि त्या दिवशी साडेचारचा खाऊ हलका ठेवा.

सावधान: मूल जाड असो की बारीक, 'डाएट' सुरू करू नका. पोळी बंद, भात बंद असले प्रयोग वाढत्या वयात नकोत. आणि त्याच्या शरीराला नाव ठेवणारा एकही शब्द घरात नको, मामा-काकांकडूनही नको. ते तोंडावर थांबवणं तुमचं काम आहे.

टप्पा ५: खेळ

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही: उड्या, चढणं, लटकणं. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल, त्यातला एक तास दमवणारी. एक तास सलग मिळायलाच हवा असं नाही. वीस-वीस मिनिटं तीनदा चालतात.

जागा कुठे ठेवायची? खाऊनंतर, क्लासच्या आधी. क्लास संपवून पावणेसातला खाली गेलेल्या मुलाला हिवाळ्यात अंधार भेटतो. क्लासची वेळ तासभर पुढे सरकवता येते का ते शिकवणाऱ्यांना विचारा. बरेच जण ऐकतात, आपणच विचारत नाही. उजेडात खेळण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांना होतो: दिवसाच्या उजेडात बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी आढळतं.

एकट्या मुलाला 'जा खाली खेळ' म्हणून उपयोग नाही. तो दहा मिनिटांत वर येतो. चार घरांनी मिळून वेळ ठरवा, रोज एका घरातलं मोठं माणूस खाली बसेल. सोसायटीत चेंडूला बंदी असेल तर लंगडी, खो-खो, लगोरी, दोरीवरच्या उड्या यांना जागा लागते थोडी आणि काच फुटत नाही. पावसाळ्यात गाड्या बाहेर गेलेल्या पार्किंगच्या कोपऱ्यात हेच चालतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. अगदीच धो धो असेल तर घरात सूर्यनमस्कार. रविवारी टेकडी: तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, किंवा पर्वतीच्या पायऱ्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर, पाण्याची बाटली प्रत्येकाच्या पाठीवर वेगळी.

नेहमीची चूक म्हणजे आठवड्यातून तीनदा क्रिकेटचा क्लास लावून 'व्यायाम झाला' असं धरणं. एकदा जाऊन बघा, तासातली किती मिनिटं मूल रांगेत उभं असतं. क्लास जरूर असू द्या, पण नोंद धाप लागलेल्या मिनिटांचीच करा. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या, किंवा गुण कमी पडले म्हणून खेळ बंद, या दोन्ही गोष्टी आजपासून थांबवा.

टप्पा ६: स्क्रीन, आता

इथे पोहोचेपर्यंत बऱ्याच घरांत स्क्रीनची मिनिटं आपोआप थोडी खाली आलेली असतात. उरलेलं काम या क्रमाने करा, प्रत्येक पायरीला किमान पाच दिवस द्या.

आधी जेवणाच्या जागेवरून पडदा हटवा, सगळ्यांसाठी. पडद्यासमोर खाताना पोट भरल्याची जाणीव हरवते. बातम्या बघत जेवणारे आजोबा हा इथला नाजूक भाग आहे. त्यांना एकट्याला दोष न देता बातम्यांची वेळ जेवणाच्या आधी घ्या.

मग झोपण्यापूर्वीचा एक तास मोकळा करा. बाबांच्या मोबाइलवरचा तो अर्धा तास काढताना बाबा स्वतः त्या जागी हवेत: गोष्ट, पत्ते, उद्याचं दप्तर भरणं, काहीही.

मग मोबाइलची मांडणी बदला. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो ती सोय बंद करा. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक किंवा डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम लावून वेळ बांधा आणि पासवर्ड मुलासमोर टाइप करू नका. शाळेचा अभ्यास ग्रुपवर येत असेल तर मोठ्यांनी तो वहीत उतरवून द्यावा. 'अभ्यास बघतो' म्हणून हातात गेलेला मोबाइल अभ्यासावर थांबत नाही.

सगळ्यात शेवटी मिनिटं कमी करा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनेनुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच (लांबच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो), दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. साडेतीन तासांवरून एका झटक्यात दोनवर येऊ नका, दर आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटं काढा. वेळ घड्याळाला न बांधता घटनेला बांधा: 'खेळून, हातपाय धुऊन आलं की एक भाग.' भाग संपला की बंद. मधेच हिसकावून घेतलेल्या मोबाइलचं भांडण वेगळं आणि मोठं होतं.

पहिले तीन-चार दिवस रडणं, आदळआपट होईल. शांत राहा, वाक्य एकच ठेवा: "आता नाही, उद्या खेळून आल्यावर." त्या दिवसांत घरातली सगळी मोठी माणसं एकाच उत्तरावर हवीत. एकाने जरी चोरून दिला, तर जास्त रडलं की मिळतो हा धडा मूल शिकतं. आणि मोबाइल बक्षीस म्हणून वापरू नका, भाजी खाल्ल्याचं तर नाहीच.

तपासून पाहा: मूल कंटाळून घरात नुसतं फिरतंय का? ते चांगलं लक्षण आहे. लगेच काही सुचवायला धावू नका. अर्ध्या तासात ते काहीतरी शोधतं.

टप्पा ७: पुन्हा तीन दिवस वही

झोपेपासून सुरू करून पूर्ण दोन महिने झाले की तीन दिवस नोंद करा: दोन शाळेचे वार आणि एक रविवार. तेच चार आकडे काढा. एखादाच पुढे सरकला नसेल तर त्याच टप्प्यावर परत जा, सगळं पहिल्यापासून नको.

मे महिना, गणपती, पाहुणे, परीक्षा यांत घडी विस्कटेल. त्या दिवसांत फक्त दोन गोष्टी धरून ठेवा: उठण्याची वेळ आणि पडद्याशिवायचं जेवण. बाकीचं दोन आठवड्यांत परत जागेवर येतं.

घरच्या उपायांवर न थांबता डॉक्टरांकडे कधी जायचं

वजन कारण नसताना कमी होतंय, खूप तहान लागते आणि वारंवार लघवीला होते, मानेमागची किंवा काखेतली त्वचा काळपट-जाडसर झाली आहे, रोज घोरतं, थोड्या खेळातच छातीत दुखतं किंवा सोबतच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागते, ठरावीक दोन-चार पदार्थांपलीकडे महिनोन् महिने काहीच खात नाही, किंवा आवडता खेळ आणि मित्र दोन्ही एकदम सोडले आहेत: यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणं एकत्र असेल तर त्याच दिवशी जा. जाताना ही वही, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातली उंची-वजनाची नोंद बरोबर घ्या.